गाठ वाढलेली नाही

मित्रांनो, मी फुटले. कल्याणला, भर सभेत, सभापतींच्या पायांशी फुटले, आणि आवाज असा झाला की झोपलेले सभापती दचकून जागे झाले आणि टाळ्या वाजवू लागले.

पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. सरकारच्या लेखी मी फुटलेली नाही, आणि आपण सरकारपेक्षा शहाणे थोडेच आहोत! तेव्हा मी एक काचेची बरणी आहे, चांगली धडधाकट आहे, आणि माझ्यात एका बाईचा रोग ठेवलेला आहे. इथून पुढे ऐका.

माझा जन्म विलायतेत झाला. भट्टीतून लालबुंद निघाले, फुंकर मारून मला पोट दिलं गेलं, आणि गवतात गुंडाळून बोटीत घातलं गेलं. माझ्या निम्म्या बहिणी वाटेतच फुटल्या. त्यांना कोणी सभा दिली नाही. मी मात्र जाड बुडाची. ठाण्याच्या बाजारात एका बोहऱ्याच्या दुकानात येऊन बसले, आणि त्याने माझ्यात पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या.

ते दिवस चांगले होते, मित्रांनो. पोरं माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. माझ्याकडे बघून लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. पुढच्या आयुष्यात माझ्याकडे बघून लोकांना काय काय सुटलं, ते सांगण्यासारखं नाही.

एके दिवशी नौपाड्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर दौलत दुकानात आला. "आतल्या गोळ्या नकोत, नुसती बरणी द्या," म्हणाला. गोळ्या कागदावर ओतल्या गेल्या आणि मी दौलतच्या काखेत बसून विज्ञानाच्या सेवेला निघाले. दौलतने मला राखेने घासलं, लिंबाने घासलं, पण पेपरमिंटचा वास काही जाईना. पुढे पाहुणे विचारायचे, हा वास कसला? डॉक्टर म्हणायचे, "हा शास्त्रीय वास आहे."

डॉक्टर म्हणजे गोपीनाथराव. मुंबईच्या वैद्यकशाळेतून शिकून आलेले. डोक्यावर कडक पगडी, खिशात घड्याळ, आणि चेहरा असा की आपल्याला ताप आला ही आपलीच बेअदबी आहे असं रोग्याला वाटावं. कापण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. कापून झाल्यावर मागे माणूस उरतो, एवढीच गोष्ट त्यांना कोणी शिकवली नव्हती.

माझ्यात जिचा रोग ठेवला ती बिट्रिस. कोपरीची. नवरा अँब्रोज, त्याची थोडी भातशेती. बिट्रिस स्वतः खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून ठाण्याच्या बाजारात विकायची. एकच मुलगी, अँजेला, लग्नाची ठरलेली. बिट्रिसच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ झाली, ती लिंबाएवढी झाली, तेव्हा अँब्रोज तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला, गाठ कापली, शिवली. बिट्रिस जगली. अख्ख्या ठाण्यात नाव झालं. कोणाचं ते विचारू नका.

गाठ माझ्यात आली. वर स्पिरिट ओतलं, झाकण लावलं, आणि झाकणावर दौलतने डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिठ्ठी चिकटवली: "कर्करोग. बरा केला."

आता खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. गोळ्या काय, कोणीही ठेवतं. रोग ठेवायला लायकी लागते. मला डॉक्टरांच्या मेजावर, अगदी मधोमध जागा मिळाली. मोठे साहेब यायचे, मामलेदार यायचे, मला उचलून उजेडात धरायचे, "वा!" म्हणायचे. मी चकाकायचे. तेव्हा मला कळत नव्हतं, की दवाखान्यात चकाकणाऱ्या वस्तूकडे बघत बसलं, की माणसाला समोरचा रोगी दिसत नाही.

डॉक्टरांनी बिट्रिसला सांगितलं होतं, "दर महिन्याला येत जा. तपासणी करावी लागेल." ती यायची. कोपरीहून चालत, रूळ ओलांडून, डोक्यावर पदर, हातात डॉक्टरांसाठी चार चिंबोऱ्या. चिंबोऱ्या दौलत आत घेऊन जायचा. मग डॉक्टर घड्याळ बघायचे, चष्मा पुसायचे, आणि तपासणी सुरू करायचे.

माझी.

हो, मित्रांनो, माझी. डॉक्टर मला उजेडात धरायचे. बिट्रिसला दिवा धरायला सांगायचे. काचेवर मोजपट्टी लावायचे. मला हलकेच हलवून गाठ डावीकडून बघायचे, उजवीकडून बघायचे. मग मला खाली ठेवून समाधानाने म्हणायचे, "गाठ वाढलेली नाही. प्रकृती उत्तम. जा आता."

पहिल्यांदा बिट्रिसला वाटलं, हीच शिकलेल्यांची रीत असेल. ती देवाचे आभार मानून गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा मात्र दिवा धरताना तिचा हात खाली आला.

"सायब," ती म्हणाली, "बगलेत दुसरी हाताला लागतंय. कवडीयेवढी."

"कुठे?"

"बगलेत. डावे. तुमी एकदा हात लावून बगा ना."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे, पण तिच्या डोक्यावरून, भिंतीवरच्या खुंटीकडे. "अगं बाई, रोग काढला. तो हा इथे आहे. समोर दिसतोय तुला. मग तुझ्यात दुसरा कुठून येईल?"

"ते मना कुटं ठाव? पण हाताला लागतंय."

"लागू दे. आणि परस्त्रीला असा हात लावणं हे आमच्या संस्कारात बसत नाही."

बिट्रिसने दिवा मेजावर ठेवला. मग म्हणाली, "सायब, तुमी मना कापलं नाय? तेवा कुठं गेलते संस्कार?"

"तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस," डॉक्टर म्हणाले. "शुद्धीवरच्या बाईची गोष्ट वेगळी."

दौलतने तोंड फिरवलं आणि औषधाच्या बाटल्या उगाच सरळ करू लागला. मला मात्र पहिल्यांदाच आतली गाठ जड वाटली.

बिट्रिसला काय हवं होतं ते साधं होतं. गाठ कसली ते तिला कळायला हवं होतं. अँजेलाचं लग्न यंदा करायचं की पुढच्या साली, एवढं ठरवायचं होतं. अँब्रोज म्हणत होता, भात चांगलं आलं की पुढच्या साली थाटात करू. बिट्रिस म्हणत होती, पुढल्या साली मी हाय का नाय, ते आदी बगते. बस. एक बोट बगलेला लावायचं आणि होय किंवा नाही सांगायचं. तेवढ्यासाठी तिने किती खेपा घातल्या ते मी मोजलं नाही. दर खेपेला चिंबोऱ्या मात्र आत गेल्या.

एकदा ती डॉक्टरांना म्हणाली, "सायब, तुमी बोलता ना, हा रोग मंजे खेकडा?"

"बरोबर. कर्क म्हणजे खेकडा. तुझ्यासारखीला समजावं म्हणून सांगितलं."

"मी जल्मभर चिंबोऱ्या धरतंय. चिंबोरीला बिळातून वढली ना, तर नांगा हातात येतो. चिंबोरी बिळात जाते. आनि नांगा परत फुटतो तिला." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमचे हातात नांगा तर नाय ना आला?"

डॉक्टर मोठ्याने हसले. "दौलत, हे लिहून घे रे! व्याख्यानात घालू. लोक हसतील."

व्याख्यान कल्याणला होतं. तिथल्या उपयुक्तज्ञानवर्धक मंडळींनी डॉक्टरांना बोलावलं होतं, विषय होता "कर्करोगावर विजय". डॉक्टरांनी बिट्रिसला निरोप पाठवला, की या महिन्याची तपासणी कल्याणला होईल, तरी नवऱ्यासह हजर राहावे. बिट्रिसला वाटलं, मोठी सभा आहे, तिथे आणखी डॉक्टर असतील, चार लोकांसमोर तरी हा माणूस नीट बघेल. ती नवं लुगडं नेसून आली.

रेल्वेने गेलो आम्ही. मी आणि डॉक्टर वरच्या वर्गात. माझ्यासाठी खास गादी, आणि खिडकीच्या बाजूची जागा, कारण मला धक्का बसता कामा नये. बिट्रिस आणि अँब्रोज खालच्या वर्गात, लाकडावर. रोग गादीवर आणि रोगी लाकडावर, असा आमचा प्रवास झाला. मला लाज वाटली म्हणावं तर, काचेची लाज दिसत नाही. आरपार असते.

कल्याणच्या सभेला बरीच मंडळी जमली होती. पगड्या, उपरणी, शाळेतले मास्तर, दोन-तीन वकील. सभापती म्हणून एक निवृत्त मामलेदार होते. ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले आणि सगळ्यांना बरं वाटलं. डॉक्टरांनी रोगाचा इतिहास सांगितला, ग्रीक लोक काय म्हणतात ते सांगितलं, मग मला उंच धरलं.

"हा पाहा खेकडा! ठाण्यात मी याला पकडला आणि बंदिस्त केला. आता हा कोणालाही चावणार नाही."

टाळ्या.

"ही ती बाई." बिट्रिसला मेजाजवळ उभं केलं गेलं. "पूर्ण बरी. बरणीतली गाठ तसूभरही वाढलेली नाही, हा त्याचा पुरावा. हिचा एक विनोदही मी आपणास सांगतो..." आणि त्यांनी नांग्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. मास्तर सगळ्यात जास्त हसले.

मग डॉक्टरांनी मला बिट्रिसच्या हातात दिलं. "धर. सभेला नीट दिसू दे."

तिने मला धरलं. तिच्या हातांना खाडीच्या चिखलाचा खरखरीतपणा होता. मी तिच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते. तिची डावी बाजू ती थोडी जपून ठेवत होती, हे मला तेव्हा कळलं.

"सायब," ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार, विचार. सभेपुढे विचार." डॉक्टर खूश झाले.

"रोग बरणीत हाय, मनून माजेत नाय. असंच ना?"

"असंच."

"आनि बरणीत नसला तर?"

"बरणीत नसला तर," डॉक्टर सभेकडे बघून हसत म्हणाले, "दुसरीकडे कुठे असणार? तुझ्यातच असता!"

"बरं," बिट्रिस म्हणाली, आणि तिने हात सोडले.

तो आवाज मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितला, आणि तो तुम्ही ऐकला नाही असं आपलं ठरलं आहे. स्पिरिट सभापतींच्या जोड्यांवरून वाहिलं. पेपरमिंटचा वास सगळ्या सभेत पसरला. सभापती टाळ्या वाजवून परत झोपले.

बिट्रिसने डावा हात वर केला. पदर बाजूला सारून, चोळीच्या काठापर्यंत, भर सभेत. "आता बगा," ती म्हणाली. "आता बरणीत काय नाय."

मित्रांनो, त्या सभेत शिकलेले पुष्कळ लोक होते. प्रत्येकाची नजर कुठे ना कुठे गेली, कोणाची छताला, कोणाची पायांना. आणि डॉक्टर गोपीनाथराव गुडघ्यांवर बसले. क्षणभर मला वाटलं, क्षमा मागताहेत. ते मेजाखाली माझ्या काचांमधून गाठ शोधत होते. पगडी घसरून स्पिरिटात पडली. बोटाला काच लागली, रक्ताचा एक थेंब आला. "दौलत! दिवा आण!" ते ओरडले. दौलतने दिवा आणला आणि डॉक्टरांनी आपलं बोट उजेडात धरलं, दाबून बघितलं, उलट करून बघितलं, फुंकर घातली, परत बघितलं. एवढी काळजीपूर्वक तपासणी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. बिट्रिस हात वर करून उभीच होती.

शेवटी अँब्रोज पुढे आला. गाठ मेजाच्या पायाशी होती, डॉक्टरांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. त्याने ती रुमालात घेतली. शेजारी माझं जाड बूड शाबूत पडलं होतं, तेही उचललं.

"अहो, ते दवाखान्याचं आहे!" डॉक्टर म्हणाले.

"गाठ बाईची हाय," अँब्रोज म्हणाला. "आनि बूड भाड्याचं समजा. भाडं आमचे चिंबोऱ्यांतून वजा करा." मग बायकोला म्हणाला, "चल गो, हात खाली कर. कोन बगनार नाय."

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कबरस्तानाच्या कोपऱ्यात अँब्रोजने छोटा खड्डा केला. पाद्रीबाबा तिथून जात होते. त्यांनी विचारलं, "कोण वारलं रे?"

"आजून कोन नाय, फादर," अँब्रोज म्हणाला.

आता माझं झाकण आणि त्यावरची चिठ्ठी दौलतने कल्याणहून परत नेली होती. मोठ्या साहेबांची तपासणी जवळ आली होती आणि "कर्करोग, बरा केला" याच्याखाली काहीतरी असणं भाग होतं. बाजारातून दुसरी बरणी आली. दौलतने मेणबत्त्या वितळवून लिंबाएवढा गोळा वळला, तांबूस रंग दिला, स्पिरिटात सोडला, आणि वर माझं झाकण बसवलं. झाकण माझं, चिठ्ठी माझी, म्हणजे बरणीही मीच, असं सरकार मानतं. मोठ्या साहेबांनी तो गोळा उजेडात धरला आणि म्हणाले, इतकं उत्तम जतन केलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं.

मी मात्र कोपरीला होते. बिट्रिसच्या घरी, क्रुसासमोर, माझ्या बुडात मेणबत्ती उभी राहू लागली. तुटलेल्या कडा अँब्रोजने दगडावर घासून बोथट केल्या होत्या. वारा आला तरी ज्योत विझायची नाही.

बिट्रिस नंतर एकदा दवाखान्यात जाऊन आली. घरी येऊन इतकी हसली की अँजेला घाबरली.

"काय झालं गो आय?"

"सायब बोलतो, तू बरनी फोडलीस, आता तुजी तपासनी करू कशावरून?" ती डोळे पुसत म्हणाली. "मंग नवी बरनी दाकवली. मोजपट्टी लावली. बोलतो, गाठ वाढलेली नाय. मी बोल्ले, सायब, ही तर मेनाची हाय, आमची तं मातीत गेली. तर बोलतो, तुला काय कळतंय?"

"मग?"

"मंग काय? उन्हात मेन जरा वाकलंय. ते दाकवून दौलतला बोलतो, बघ, रोग नरमला."

हसून झाल्यावर तिने बगलेत हात घालून पाहिलं. बगलेतली कवडी आता कवडी राहिली नव्हती. ती अँब्रोजला म्हणाली, "लग्न यंदाच करायचं. भात येवो नायतर जावो."

लग्न त्याच साली झालं, मित्रांनो. नवरीला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणताना मातीचा घुमट ढोलकीसारखा वाजला, बिट्रिस गायली, एका हाताने टाळी वाजवता येत नाही म्हणून मांडीवर वाजवली, कारण डावा हात सुजला होता. मी क्रुसासमोर जळत होते. डॉक्टरांच्या बरणीवर ती विसंबली असती, तर अँजेलाच्या लग्नात आईची गाणी कोणीतरी दुसऱ्याच बाईने म्हटली असती.

पुढच्या भाताच्या आत बिट्रिस गेली. मरणाची नोंद करायला अँब्रोज गेला. कारकुनाने कारण विचारलं. अँब्रोजने सांगितलं. कारकुनाने दवाखान्यात विचारणा केली. डॉक्टरांनी कळवलं, सदर बाई माझी बरी झालेली रोगी आहे, ती त्या रोगाने मरणं शक्य नाही. तेव्हा कारण लिहिलं गेलं: ताप.

आता मी तिच्या कबरीवर असते. मृतांच्या दिवशी अँजेला येते, माझ्यात मेणबत्ती लावते. तिथे दवाखान्यात बरणीत मेण, इथे बरणीच्या बुडात मेण. फरक इतकाच की इथल्या मेणाचा उजेड पडतो.

मुलांनो, वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायची पद्धत आहे. मी सांगणार नाही. आम्हाला लोक फार जपतात. माझ्यासाठी गादी होती. तुम्ही मोठे होऊन डॉक्टर झालात, तर मेजावरच्या बरणीला खुशाल धूळ बसू द्या, आणि समोरचं माणूस "इथे लागतंय" म्हणालं, तर तिथे हात लावा. एवढंच. आणि तुमच्याच्याने तेवढं होणार नसेल, तर पेपरमिंट विका. तो धंदा प्रामाणिक आहे.

बाकी मी सरकारला अर्ज केला आहे. त्याची नक्कल खाली देत आहे.

मेहेरबान सरकार यांचे सेवेशी. अर्जदार, एका काचेच्या बरणीचे बूड, मुक्काम ठाणे, ख्रिस्ती लोकांचे कबरस्तान, सविनय अर्ज करते ऐसा जे: अर्जदार कल्याण मुक्कामी रीतसर फुटली असून अद्याप दप्तरी साबूत आहे, तरी तिला फुटलेली म्हणून लिहून घ्यावे. मयत बिट्रिस, राहणार कोपरी, हिला बऱ्या झालेल्या रोग्यांतून कमी करावे. आणि डॉक्टर गोपीनाथराव यांस हुकूम व्हावा, की त्यांनी सवडीने येथे येऊन सदर बाईच्या डाव्या बगलेतील गाठ एकवार हाताने तपासून पाहावी. बाई हल्ली शुद्धीवर नाही, त्यामुळे साहेबांच्या संस्कारास कोणतीही अडचण येणार नाही.